काटकी आणि पळी



आजचं चिंतन गीतेच्या चौथ्या अध्यायातल्या चोविसाव्या श्लोकावर. जेवायला बसताना आपल्यातले कितीतरी जण तो म्हणतात. अर्पण ब्रह्म, हवि ब्रह्म, अग्नी ब्रह्म आणि आहुती देणाराही ब्रह्मच, असं भगवंत त्यात सांगतात. 'अर्पण' या शब्दाचा अर्थ आद्य शंकराचार्यांनी 'ज्या साधनाने हवि अग्नीत घातलं जातं ते' असा घेतला आहे. म्हणजे यज्ञातली लाकडी पळी.

आता यादी पुन्हा बघा. पळी आहे, तूप आहे, अग्नी आहे, यजमान आहे. समिधा कुठे आहे? जिच्यामुळे अग्नी पेटला, तिचं नावच नाही.

हा प्रश्न मला पोथी वाचताना पडला नव्हता. जानेवारीत आम्ही सहा जण राजमाचीच्या उधेवाडीत एका घराच्या अंगणात तंबू टाकून राहिलो होतो. चहा झाल्यावर डाळ ढवळायला काहीच नाही हे लक्षात आलं. घरच्या काकांनी छाटलेल्या शिवणीची एक ओली फांदी दिली आणि पेटवणाला वाळलेल्या कारवीची मोळी. झाडाला हात लावायचा नाही, जे पडलंय किंवा छाटलंय तेच घ्यायचं, हा त्यांचा नियम. दोघं चमचा कोरायला बसले, बाकीचे काटक्या करायला.

दोन्ही कामं चाकूचीच, पण लाकूड वेगळं लागतं. चमच्याला ओलं लाकूड बरं, चाकू सहज चालतो. पेटवणाला मात्र कडकडीत वाळलेलं हवं, मोडताना 'कट्' आवाज यायला हवा. काटक्या जाडीप्रमाणे लावायच्या: आधी आगकाडीएवढ्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. दोन-चार काड्यांवर पातळ ढलप्या काढायच्या, पण तोडायच्या नाहीत, काडीलाच पिसांसारख्या राहू द्यायच्या. ज्योत आधी त्या पिसांना धरते. जाड ओंडका थेट आगकाडीने पेटत नाही, कितीही फुंका.

काटक्या करणाऱ्यांतला एक मित्र मग बोलला. तो उत्सवात पाच वर्षं भांडी घासण्याची सेवा करतो. "चमचा केला तर तो घरी नेता येतो, दाखवता येतो. आमचं काम रात्रीत राख. सेवेतही असंच आहे रे. कीर्तनकाराचं नाव बॅनरवर असतं. घासलेली पातेली दुसऱ्या दिवशी पुन्हा खरकटी." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, दमलेपण होतं. आणि त्याला 'निष्काम कर्म कर' एवढंच सांगून गप्प बसवणं मला पटलं नसतं.

त्यानंतर जे घडलं त्यातच मला अर्धं उत्तर दिसलं. चमच्याची खोलगट वाटी साध्या चाकूने नीट होईना. मग काकांनी चुलीतला एक निखारा चिमट्याने उचलून लाकडावर ठेवला आणि फुंकायला सांगितलं. लाकूड तेवढ्याच जागी जळलं, काळं झालेलं खरवडलं, पुन्हा निखारा ठेवला. असं चार-पाच वेळा केल्यावर वाटी तयार. म्हणजे ज्या चमच्यात डाळ येणार होती, त्याची पोकळी जळालेल्या लाकडानेच केली होती. राख झालेली काटकी त्या चमच्यात आहे, फक्त दिसत नाही.

श्लोकात समिधेचं नाव का नाही, याचं माझ्यापुरतं उत्तर हेच. ती यादीतून वगळलेली नाही, 'अग्नी' या शब्दात ती आहे. पेटल्यावर काटकी वेगळी आणि ज्योत वेगळी अशी दाखवता येत नाही.

आणि पळी तरी कायमची असते का? श्रौत यज्ञात स्रुव खैराचा आणि जुहू पळसाची करतात. अग्निहोत्री आयुष्यभर ती पात्रं जपतो. तो गेल्यावर काय करायचं, ते आश्वलायन गृह्यसूत्रात दिलं आहे: जुहू त्याच्या उजव्या हातात ठेवायची, उपभृत डाव्या हातात, आणि त्याच्यासोबतच अग्नीला द्यायची. टिकणारी पळी शेवटी त्याच वाटेने जाते. काटकी पहाटे जळते, पळी संध्याकाळी. मोल टिकण्यावर ठरत असतं तर दोघींनाही नसतं.

पण इथेच थांबलं तर हे चिंतन धोक्याचं आहे. कारण 'काटकीसारखं जळण्यात धन्यता' हे वाक्य बहुतेक वेळा कोण कोणाला सांगतं? घरात आईला, वहिनीला. ऑफिसात ज्युनिअरला. मंडळात नव्या सेवेकऱ्याला. सांगणारा स्वतः पळी होऊन बसलेला असतो.

उपनिषदांत शिष्य गुरूकडे जातो तेव्हा त्याच्या हातात समिधा असतात. मुंडकात तसं सांगितलंय, प्रश्नोपनिषदातले सहा जण तसेच येतात. छांदोग्यात तर देवांचा राजा इंद्र प्रजापतीकडून शिकून निघतो, वाटेत शंका येते, आणि पुन्हा समिधा घेऊन परततो. असं तीनदा. सगळी मिळून 101 वर्षं. राजा असूनही मोळी त्याने स्वतःच्या हातात धरली. नोकराकडून पाठवली नाही. समर्पण असं स्वतःच्या हातानेच होतं. दुसऱ्याला चुलीत सारून आपण त्याला यज्ञ म्हणू लागलो, तर ते फक्त जळण झालं. लाकडाला कोणी विचारत नाही, माणसाला विचारावं लागतं.

म्हणून त्या मित्राला मी दोनच गोष्टी म्हणालो. तुझं काम राख होत नाही, ते पंगतीत जेवून उठलेल्या माणसात आहे. आणि पाच वर्षं झाली, यंदा भांड्यांना मी बसतो, तू समोर बसून कीर्तन ऐक. दुसरं वाक्य नसतं तर पहिल्याला काही अर्थ नव्हता.

आजचा संकल्प छोटासाच. आपल्या घरात, ऑफिसात, मंडळात रोज न दिसता जळणारं एक माणूस आठवा. त्याला सुविचार पाठवू नका. "आजचं माझ्याकडे द्या," एवढं म्हणा आणि ते काम खरंच करा. मग रात्री जेवताना तो श्लोक म्हणाल, तेव्हा 'अग्नी' शब्दावर क्षणभर थांबा.

श्रीकृष्णार्पणमस्तु.