रंग साफ आहे

आमची एक जुनी विद्यार्थिनी सध्या नांदेडला चित्रकलेच्या पदविकेला आहे. दहावीपर्यंत ती आमच्याच उर्दू शाळेत होती. गेल्या हिवाळ्यात ती वसमतला घरी आली, ती एक काम घेऊन. ओळखीच्या दहा व्यक्तींची चित्रे काढा, असा प्रकल्प तिला मिळाला होता. तिने मोहल्ल्यातल्या दहा बायका निवडल्या आणि स्वतःची एक अट घातली. प्रत्येकीला आधी विचारायचे, तुमचे चित्र कसे हवे?

एकीने हनुवटीखालचे मांस कमी करायला सांगितले. एकीला मालिकेतल्या सुनेसारखे बारीक दंड हवे होते. पण बहुतेक जणींचे मागणे एकच होते : "बेटा, रंग जरा साफ निकाल." तिची सख्खी खाला तर म्हणाली, "जैसी हूं वैसी नक्को निकाल, अच्छी निकाल."

मुलगी आमच्याकडे आली आणि विचारू लागली, "सर, खालाचं दिल राखू की खरं चित्र काढू?"

तसवीर काढावी की काढू नये, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. इथे प्रश्न वेगळा होता. आम्ही शिक्षकी थाटात उत्तर दिले की दिलजोई हीदेखील नेकीच आहे. थोडा रंग उजळ केला तर काय बिघडले? फोटो स्टुडिओवाला तेच करतो, आणि मोबाईल तर न सांगताच करतो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, खालाचे तीन रिश्ते रंगावरून परत गेले. शेवटी दोन मुलांच्या बापाशी निकाह झाला. मी तिला गोरी काढली, तर ते तिघे बरोबर होते असं मीच लिहून दिल्यासारखं होईल."

यावर आम्हाला काही सुचले नाही. चहा मागवला.

आम्ही भाषा शिकवणारे, त्यामुळे त्या 'साफ' शब्दाशी अडलो. आमच्या घरांत मुलीची तारीफ करायची तर 'रंग साफ है' म्हणतात. मराठी शेजाऱ्यांकडे उजळ आहे, निमगोरी आहे, गव्हाळ आहे; आमच्याकडे साफ. म्हणजे बाकीच्या मुलींचा रंग मळलेला, धुवून काढण्याजोगा? हा शब्द आम्ही स्वतः शंभर वेळा उच्चारला असेल, भावाच्या लग्नाच्या वेळी तर नक्कीच. आणि गडद रंगाच्या पोराला वर्गात 'हबशी' म्हणून चिडवले जाते, तेव्हा कितीदा ऐकून न ऐकल्यासारखे केले, त्याचा हिशेब नाही.

हबशी म्हटले की मराठवाड्याच्या माणसाला मलिक अंबर आठवायला हवा. हबशाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता झाला. त्याने १६१० मध्ये खडकी शहर वसवले, तेच पुढे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथली नहर त्याची. मोगलांना त्याने वर्षानुवर्षे दख्खनमध्ये झुंजवले. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत त्याचा उल्लेख काळ्या तोंडाचा असा केला. एवढ्याने भागले नाही, म्हणून दरबारी चित्रकार अबुल हसन याने एक चित्र काढले. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्यावर टोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बिटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात मलिक अंबर जहांगीराच्या हाती कधी लागलाच नाही. १६२६ मध्ये, म्हातारपणी, तो आपल्या मृत्यूने गेला आणि खुलताबादला दफन झाला. दख्खनच्याच एका चित्रकाराने काढलेले त्याचे दुसरे चित्र बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. त्यात तो पांढऱ्या जाम्यात उभा आहे, आणि रंग गडद आहे तसाच ठेवला आहे.

ही दोन्ही चित्रे आम्ही त्या मुलीला मोबाईलवर दाखवली. अबुल हसनचा हात किती कसलेला आहे, हे तिने आधी पाहिले. मग म्हणाली, "बादशहाला जे हवं होतं ते त्याने काढून दिलं." एका बादशहाची हौस आणि तिच्या खालाची विनवणी यांत फरक आहेच. खालाने कुणाचे मुंडके मागितले नव्हते. मागितले असेल तर स्वतःचेच, असे आम्हाला घरी परतताना वाटले.

आता दोष कुणाचा? टीव्ही, जाहिरात, मोबाईल अशी नावे लगेच जिभेवर येतात. फेअर अँड लव्हली बाजारात आली १९७५ मध्ये. तिची ती जाहिरात अनेकांना आठवत असेल. बाप हळहळतो, मुलगा असता तर बरे झाले असते. सावळी मुलगी क्रीम लावते आणि हवाईसुंदरी होऊन बापाला हॉटेलात नेते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि २००३ मध्ये ती जाहिरात मागे घ्यावी लागली. २०२० मध्ये नावातले 'फेअर' गेले, 'ग्लो' आले. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने कातडीच्या रंगावरून स्थळे निवडण्याची सोय काढून टाकली. ट्यूब मात्र दुकानात आहे आणि रिश्ता पाहायला जाणारे घरात आहेत.

जाहिरातवाल्यांनी ही हाव निर्माण केली नाही, ती आमच्या बैठकीतून उचलली. आमचा तालुका हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नवरीला उबटन लावताना आमच्या आज्यासुद्धा रंग उजळेल असेच म्हणत. पण उबटन चार दिवसांचे, गाणी म्हणत लावायचे, आणि मग संपले. क्रीम बाराव्या वर्षी सुरू होते आणि तिच्यावर नोकरी, हिंमत, बापाचे समाधान सारे टांगलेले असते. आता मोबाईलने त्यावर कडी केली. पूर्वी मुलगी नटीशी तुलना करून हिरमुसायची. आता स्वतःचाच उजळ केलेला, नाक बारीक केलेला फोटो तिच्यासमोर असतो आणि आरशातली मुलगी त्याहून कमी ठरते. नटी निदान परकी होती.

याची किंमत काय, ते शेजारच्या विदर्भात दिसले. अकोल्यातल्या एका घरातली आई आणि तिच्या दोन मुली ब्युटीपार्लरमधून आणलेली गोरेपणाची एकच क्रीम वापरत होत्या. तिघींचीही मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. हे २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आले. पारा कातडीत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा खरोखर उजळतो. तोच पारा रक्तातून मूत्रपिंडात जातो. नियमाने क्रीममध्ये नकळत आलेला पारा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. चांगली वस्तू मिळाली की एकटीने वापरायची नाही, घरच्यांना द्यायची, ही आमच्या घरांची रीत. तिथे ती रीतच नडली.

आम्ही हे सारे त्या मुलीला सांगत होतो, जरा जोशातच. तिने ऐकून घेतले आणि हसत म्हणाली, "सर, सव्वीस जानेवारीचं स्वागतगीत आठवतं का? मी सातवीत होते. पाहुणे येणार म्हणून तुम्ही रांगा लावत होता. मला म्हणालात, तू मागे उभी राहा, तुझा आवाज चांगला आहे, मागूनही ऐकू येईल."

आम्हाला आठवत नव्हते. तिला शब्दन् शब्द आठवत होता. पुढच्या रांगेत कोण होत्या, त्यांची नावेही तिने सांगितली. त्यांतल्या दोघींना गाताही येत नव्हते. त्या दिवशी आम्हाला कोणत्या जाहिरातीने तसे करायला सांगितले नव्हते. पाहुण्यांनीही नाही.

चित्रे पुरी झाली. रंगपेटीतला तो गुलाबीसर खडू, ज्याला आम्ही वर्गात वर्षानुवर्षे 'स्किन कलर' म्हणत आलो, तिने वापरला नाही. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने तसल्याच खडूचे 'कातडी' हे नाव १९६२ मध्ये बदलून 'पीच' केले, हे तिनेच आम्हाला सांगितले. खालाचा चेहरा तिने तपकिरी, जांभळा आणि थोडा पिवळा मिसळून काढला. डोळ्यांखालची काळी वर्तुळेही ठेवली. ओढणी मात्र खालाच्या आवडीची, मोरपंखी.

खाला चित्र पाहायला आमच्या शाळेतच आली. बराच वेळ ती बोलली नाही. मग ओढणीच्या रंगावरून बोट फिरवत म्हणाली, "हां, मैंइच हूं." पुतळ्यासारखी आणखी थोडी उभी राहिली आणि म्हणाली, "घर में नक्को लगा लेकिन."

चित्र अजून आमच्या स्टाफरूमच्या कपाटात आहे, कागदात गुंडाळलेले. ते नेण्यासाठी अजून कुणी आलेले नाही.