माडीवरचं ऊन कुणी सोसायचं?

वसईच्या दुमजली घरात तळमजला बरा असतो. वरची माडी मात्र एप्रिलमध्ये रात्री अकरालाही भाजत असते, कारण दिवसभर तापलेला स्लॅब ती धग उशिरापर्यंत खाली सोडत राहतो. जुन्या घरांत कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाई. वाडीतली माडांची सावली आणि बावखलाचं, म्हणजे गावातल्या तळ्याचं, पाणी यांनी भोवतालची हवा निवलेली असे. आता कित्येक बावखलं बुजली, वाड्यांच्या जागी इमारती आल्या.

मग माडीवर एसी बसतो. पण उष्णता नाहीशी होत नाही, तिची जागा बदलते. खोलीतली धग आणि यंत्राने खाल्लेल्या विजेची धग, दोन्ही गल्लीत येऊन पडतात, शेजारच्या पत्र्याच्या खोलीत शिरतात, जिथे एसीचं बिल कुणालाच परवडणारं नाही. इथे हा प्रश्न धर्माचा होतो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला थंडी-ऊन सोसायला सांगतो. गरिबाने निमूट राहावं म्हणून हा उपदेश पुढे करणं अन्यायाचं आहे. ती तितिक्षा, म्हणजे सोशिकता, ज्याने त्याने आपल्या देहापुरती अंगी बाणवायची. आपल्या वाट्याचं ऊन दुसऱ्याच्या दारात लोटण्याची मुभा ती देत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात घातक उपभोगाचं उदाहरण म्हणून एसीच्या वाढत्या वापराचाच उल्लेख केला. निसर्ग राखणं हा धर्माचाच भाग आहे, हा विचार वसईला नवा नव्हता. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी त्याच्या कितीतरी आधी हरित वसई संरक्षण समितीतून इथल्या हिरवाईसाठी आणि पाण्यासाठी लढा दिला होता. धर्मगुरूने झाडांसाठी रस्त्यावर उतरणं ही वसईने महाराष्ट्राला दिलेली मोठी शिकवण आहे.

घरात तान्हं मूल किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर एसी लावण्यात पाप नाही. वसईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, उकाडा जिवावर बेतू शकतो. पण एसी हा शेवटचा उपाय असावा. त्याआधी करण्यासारखं बरंच आहे. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा आखला. पुढे तिथे वस्त्यांमधली छपरं पांढरी रंगवली गेली. वसईतही गच्चीला पांढरा चुना द्यावा, पश्चिमेच्या भिंतीवर वेल चढवावा, रात्री माडीच्या खिडक्या उघडून जिन्यातून खालची गार हवा वर येऊ द्यावी. तरीही एसी लागलाच, तर तो २४ अंशांवर ठेवावा, आणि बाहेरचं यंत्र बसवण्यापूर्वी त्याचं तोंड कुणाच्या खिडकीकडे होतंय, ते पाहावं.