नदीचें देणें

घेतलेल्या वस्तूची किंमत चुकती केली म्हणजे देणाऱ्याचें ऋण फिटतें काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत जितक्या वेळां आढळतो त्याहून अधिक वेळां तो आपल्या घराच्या उंबरठ्यावर उभा राहतो. मोलकरणीचा महिना दिला, गवळ्याचा हिशेब पुरा केला, कीं आपलें कर्तव्य संपलें असें आपण मानतों. आणि कायद्याच्या दृष्टीनें तें खरेंही आहे. पण जेथें कायद्याची मर्यादा संपते तेथेंच कर्तव्याचीही संपते काय? या प्रश्नाच्या विचारासाठीं आम्ही आज एक कल्पित नदी घेणार आहों. वाचकांस हें चमत्कारिक वाटेल. परंतु खऱ्या नदींत आपला कांहींना कांहीं स्वार्थ गुंतलेला असतो. कल्पित नदीच्या कांठीं कोणाचीच शेतवाडी नसल्यामुळें तेथील तंटा निर्विकार मनानें ऐकतां येतो.

ऑक्सफर्ड येथील अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन यांनीं १९३७ सालीं 'द हॉबिट' ही मुलांसाठीं लिहिलेली कादंबरी प्रसिद्ध केली. तींतील उत्तरेकडच्या प्रदेशांत एका एकाकी पर्वताच्या महाद्वारांतून एक नदी उगम पावते. तिला आपण 'धांवती नदी' म्हणूं. डेल नगराजवळून ती एका लांब सरोवरास मिळते, आणि सरोवराच्या दक्षिण टोंकाशीं धबधब्यावरून उडी घेऊन पुढें जाते. पश्चिमेच्या अरण्यांतून येणारी दुसरी नदी याच सरोवरांत शिरते. सरोवराच्या पाण्यांत लांकडी खांबांवर एस्गारोथ हें व्यापारी नगर उभें आहे. दक्षिणेकडचा माल मोठ्या नदीनें वर येतो, धबधब्यापाशीं गाड्यांवर चढतो आणि नगरांत पोंचतो. तेथून मद्याचीं पिंपें अरण्यांतील एल्फ लोकांच्या राजाकडे जातात, आणि तींच रिकामीं झालीं म्हणजे प्रवाहांत सोडून, पुढें त्यांचे तराफे बांधून, नगराकडे परत धाडलीं जातात. कथेचा छोटा नायक बिल्बो बॅगिन्स आपल्या खुज्या सोबत्यांना राजाच्या बंदिवासांतून सोडवितो तो याच रिकाम्या पिंपांत घालून.

हा प्रसंग मुलांना मोठा गमतीचा वाटतो. आमचें लक्ष मात्र त्याच्या लगतच्या एका लहानशा तपशिलाकडे गेलें. तराफेवाल्यांचें बोलणें बिल्बोच्या कानीं पडतें. पूर्वेकडून येणारे रस्ते मोडत चालल्यामुळें नदीवरची रहदारी वाढली आहे, आणि अरण्यनदीची निगा कोणीं राखावी, तिचे कांठ कोणीं सांभाळावे, यावरून नगरवासी व एल्फ यांच्यांत कुरबुरी चालू आहेत! व्यापाराचा लाभ दोघांनाही हवा; कांठाची माती सांवरण्याचें काम मात्र दुसऱ्यानें करावें. ही कुरबूर केवळ कल्पनेंतली नव्हे. युरोपांतील ऱ्हाईन नदीच्या कांठीं शतकानुशतकें सरदारांनीं जकातीचे नाके बसविले. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनें अशा नद्यांवरील नौकानयन मुक्त असावें हें तत्त्व मान्य केलें, आणि १८६८ च्या मानहाइम येथील करारानें केवळ नौकानयनावर बसणारी जकात बंद झाली. पण त्याच करारांत, आपापल्या हद्दींतील नदीचें पात्र आणि नावा ओढण्याच्या वाटा सुस्थितींत राखण्याचें बंधनही कांठच्या राज्यांनीं पत्करलें, ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. मार्ग सर्वांना मोकळा ठेवावयाचा तर त्याची निगाही सर्वांनीं वांटून घेतली पाहिजे.

आतां मुख्य तंट्याकडे वळूं. पर्वतांत पूर्वीं खुज्यांचें राज्य होतें. स्माउग नांवाच्या सर्पासुरानें तें बुडविलें, डेल उजाड केलें आणि दोहोंकडचें धन एकत्र करून तो त्यावर पडून राहिला. पुढें राजवंशांतील थोरिन आपल्या सोबत्यांसह परत येतो, तो निष्कांचन स्थितींत, पिंपांतून. एस्गारोथचे लोक त्यांना अन्न, वस्त्र, नावा व शिधा देतात. सर्पासुर चवताळून नगरावर झडप घालतो, नगर जळतें, बार्ड नांवाचा धनुर्धर त्याला मारतो. मग बार्ड पर्वताच्या दारीं येऊन तीन गोष्टी सांगतो. शत्रूचा वध मीं केला. साठ्यांत डेलचें धन मिसळलें आहे आणि मी डेलच्या राजाचा वंशज आहें. शिवाय, ज्यांनीं तुला विपत्तींत आश्रय दिला ते आज उघड्यावर आहेत. थोरिनचें उत्तर असें कीं, नगरवासीयांच्या मालाची व साहाय्याची रास्त किंमत आम्ही यथावकाश देऊं. पण शस्त्राच्या धाकाखालीं एका भाकरीच्या मोलाइतकेंही देणार नाहीं.

या उत्तराला आम्ही सर्वस्वीं अन्याय्य म्हणत नाहीं. चोरानें शेजाऱ्याचें घर जाळलें म्हणून त्याची भरपाई चोरीस गेलेल्या मालाच्या धन्यानें कां करावी? आणि सैन्य दाराशीं आणून मागितलेला न्याय हा न्याय राहतो काय? शिवाय नगरवासीयांचें आतिथ्यही निव्वळ निरपेक्ष नव्हतें; पर्वताचा राजा परत आला म्हणजे नदीला सोन्याचा पूर येईल, या जुन्या गाण्यांवर त्यांची भिस्त होती. हें सगळें मान्य करूनही थोरिनच्या उत्तरांत एक उणीव राहते, ती 'किंमत' या शब्दांत.

किंमत ठरते ती देण्याघेण्याच्या क्षणीं, आणि ज्याच्या हातांत कांहीं आहे त्याच्याशीं. थोरिन किनाऱ्याला लागला तेव्हां त्याच्याजवळ द्यावयास कांहींच नव्हतें. त्या वेळीं मिळालेल्या भाकरीचें मोल, ती नसती तर तो पर्वतापर्यंत पोंचलाच नसता, या एका गोष्टीवरून करावयास हवें. आणि तें कोणत्याही तराजूंत बसत नाहीं. बार्ड अशा देण्याला दयेच्या सदरांत घालतो, हक्काच्या पलीकडचें मानतो. येथें आमचा त्याच्याशीं मतभेद आहे. दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ऋण तसें नसतें. मनुष्य जन्मतःच ऋणी असतो असें आपले पूर्वज मानीत. आणि देव, ऋषि व पितर हे त्यांनीं सांगितलेले धनको कांहीं पावती घेऊन बसलेले सावकार नव्हेत. ज्यांच्या आधारावांचून आपण उभेच राहिलों नसतों त्यांचें ऋण मागणीअभावीं नाहींसें होत नाहीं.

थोरिननें महाद्वार दगडी भिंतीनें बंद केलें. पण त्या भिंतीखालीं नदीसाठीं त्याला एक ठेंगणी कमान ठेवावीच लागली. पाण्याला जी वाट मिळाली ती शेजाऱ्यांना मिळाली नाहीं. याउलट, धनाच्या आशेनें निघालेला एल्फांचा राजा नगराच्या विपत्तीची वार्ता ऐकून वाट वळवितो, आणि पुष्कळ सामग्री जलमार्गानें पुढें धाडतो. कालपर्यंत ज्या पाण्यावरून मोजलेला माल जात होता, त्यावरूनच आज न मोजलेलें साहाय्य गेलें. कांठांवरून भांडणारे हेच ते शेजारी!

शेवटीं युद्ध होतें. थोरिन पश्चात्ताप पावून मरतो. त्याच्या वारसाकडून बार्डला साठ्याचा चौदावा भाग मिळतो. त्यांतून नगरासाठीं जें सोनें जातें त्यांतलें बरेंचसें घेऊन जुना नगराध्यक्ष पळतो आणि रानांत उपासमारीनें मरतो. जकात आणि माल यांतच ज्याची बुद्धि मुरली होती त्याला सोनें साचवितां आलें, पण सोनें खातां येत नाहीं हें उमगलें नाहीं. उलट, डेल व एस्गारोथ पुन्हा वसतात, आणि धांवत्या नदीवरून संपत्तीची ये-जा पूर्वीसारखी सुरू होते, असें वर्तमान कथेच्या अखेरीस येतें.

हा मुलांच्या गोष्टीचा सुखान्त आहे. प्रत्यक्षांत असें नेहमींच घडतें असें आम्ही म्हणणार नाहीं. पण आपल्या दारावरूनही एक नदी वाहते. तिच्या पाण्यावरून भाजी येते, दूध येतें, धुतलेलीं भांडीं येतात, आणि आपण प्रत्येकाची किंमत बिनचूक मोजतों. मग एखाद्या महिन्यांत मोलकरीण आजारी पडते, आणि पगारांतून चार दिवस कापावे कीं नाहीं, याचा विचार घरांत सुरू होतो. हिशेब आपल्या बाजूचा असतो, थोरिनचाही होता. अशा वेळीं हिशेबाची वही क्षणभर मिटून, हा कांठ आजवर कोणीं सांवरला, एवढेंच आपण स्वतःस विचारलें तरी पुरे आहे.