तळं, पिंप आणि रबराची बाग

"हे तळं बुजवलं ना, की डेंग्यू-चिकुनगुनिया सगळं थांबेल बघा," म्हैसूरच्या कुक्करहळ्ळी तळ्याकाठी एक गृहस्थ मला म्हणाले. ते वाक्य डोक्यातून जाईना.

हे दोन्ही आजार पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला तळं नको असतं, हे आता शाळकरी मुलंही सांगतात. त्याला पिंप हवं, कूलर हवा, उघडी टाकी हवी. त्याची अंडी सुकलेल्या भांड्याच्या कडेलाही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून विषाणू आला कुठून आणि टिकला कुठे, हे प्रश्न मी नेहमी वेगळे ठेवत आलो. आणि मला महत्त्व दुसऱ्याचंच वाटे.

सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत 1973 साली चिकुनगुनियाची साथ आली होती. त्यानंतर तीसेक वर्षं देशात सामसूम. 2005च्या अखेरीस तो परतला आणि 2006मध्ये देशभर सुमारे 14 लाख संशयित रुग्ण झाले, त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या कर्नाटकात. पूर्वीचा विषाणू आशियाई वंशाचा होता, हा आफ्रिकेकडच्या वंशाचा. वंश कोणताही असो, पिंप तर तेच ना?

असं म्हणणारे जाणते लोक पुष्कळ आहेत. स्ट्रेनची चर्चा प्रयोगशाळेत राहू द्या, लोकांना फक्त 'कोरडा दिवस पाळा' सांगा, असा त्यांचा आग्रह. जिथे नळाला दिवसाआड पाणी येतं, तिथल्या बाईला साठवलेलं पाणी ओतून दे म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं. तिला आधी रोजचं पाणी द्या, निदान घट्ट झाकण तरी द्या.

पण मला खरं अडवलं ते केरळने. 2007मध्ये तिथल्या विषाणूच्या एका प्रथिनात, 226व्या जागी, एकच अमिनो आम्ल बदललेलं आढळलं. तेवढ्याने तो एडिस अल्बोपिक्टस या डासाच्या शरीरात अधिक सहज वाढू लागला. हा डास झाडीतला. रबराच्या बागेत चीक गोळा करायच्या वाट्यांत पावसाचं पाणी साचलं की त्याचं भागतं. घरातली पिंपं कोरडी करून तिथे कितीसं साधणार? विषाणू बदलला आणि डास शोधायची जागाच बदलली. माझे दोन प्रश्न वेगळे राहिलेच नाहीत.

म्हैसूरहून कोडगूचे कॉफीमळे आणि वायनाडची झाडी फार लांब नाहीत. इथल्या तापाच्या रुग्णाचा अहवाल 'पॉझिटिव्ह' या शब्दापाशी संपू नये. दर पावसाळ्यात काही नमुन्यांची जनुकीय तपासणी व्हावी, आणि तिचा निष्कर्ष त्याच हंगामात दारोदार अळ्या शोधणाऱ्या आशाताईच्या हाती पडावा: यंदा पिंपं बघ, की मळे.