जुने धातुशोधक यंत्र आणि घेणाऱ्याचे मन

वापरलेली वस्तू विकत घेण्यात कमीपणा मुळीच नाही. जुना नांगर, जुने शिवणयंत्र, जुनी दुचाकी यांवर कित्येक कुटुंबांनी आपले संसार उभे केले आहेत. परंतु धातुशोधक यंत्र, ज्यास बाजारात मेटल डिटेक्टर म्हणतात, ते जुने घ्यावयाचे झाले तर त्यात एक निराळा प्रश्न दडलेला असतो. नांगर घेणारा काय करणार हे साऱ्या गावास ठाऊक असते. धातुशोधक घेणारा काय शोधणार, हे पुष्कळदा तो स्वतःशीही उघड बोलत नाही.

प्रथम यंत्राचे पाहू. तारेच्या वेटोळ्यातून सतत दिशा पालटणारा विजेचा प्रवाह खेळवला म्हणजे भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्यातही सूक्ष्म प्रवाह उठतात व यंत्रास त्यांची चाहूल लागते. सोन्याविषयी त्यास विशेष प्रेम नाही! सोन्याची पातळ अंगठी आणि ॲल्युमिनियमच्या वेष्टनाचा कपटा यांचा नाद अनेक यंत्रांत जवळजवळ सारखाच उमटतो. नाण्याएवढी वस्तू हातभर खोल गेली असेल तर साधे यंत्र मुकेच राहते. आणि कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी अंगावरून फिरवतात ते लहान यंत्र तर जमिनीसाठी नव्हेच. त्यात आपल्या सिल्वासाच्या आसपासची माती बेसाल्ट खडकाची, लोहांशाने युक्त. अशा मातीत काही यंत्रे विनाकारण वाजतात, काहींची पोच कमी होते. म्हणून विक्रेत्याच्या घरी यंत्राची परीक्षा करू नये. तेथील फरशीखाली सळ्या असल्या तर ते वाजणारच. आपल्याच शेतात खिळा, नाणे, अंगठी निरनिराळ्या खोलीवर पुरून ते स्वतः चालवून पाहावे. तबकडीस तडा आहे काय, तार हलवली असता आवाज तुटतो काय, सेलच्या खोबणीत गंज चढला आहे काय, हेही तपासावे.

इतकी घाई नको असे जुन्या शास्त्रकारांसही वाटत होते. खरेदीच्या वस्तूची पारख करण्यास याज्ञवल्क्यस्मृतीने लोखंडास एक दिवस, ओझ्याच्या जनावरास पाच, रत्नास सात आणि बियाण्यास दहा दिवस दिले आहेत. नारदस्मृती मात्र बजावते की वापरलेले, मळके वस्त्र घेतल्यावर ते सदोष म्हणून विकणाऱ्याकडे परत करता येत नाही. जुने घेणाऱ्याने डोळे आधीच उघडे ठेवावेत, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. याज्ञवल्क्य आणखी पुढे जातो. एकांतात, अवेळी किंवा फारच थोड्या किमतीत जो माल घेतो, त्यास तो चोराच्या पंक्तीस बसवतो. पावती नाही, यंत्रावरील क्रमांक खरवडलेला, आणि किंमत विचारताच निम्म्यावर येणारी, असे जुळून आले तर स्वस्ताईचा आनंद मानण्याचे कारण नाही.

पण चांगले चालणारे यंत्र एखादा विकतो तरी का? अनेकदा त्यास काही सापडले नाही म्हणून. मार्च 2025 मध्ये बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाखाली काय घडले ते वाचकांस आठवत असेल. ‘छावा’ हा चित्रपट पाहून तेथे मोगलांची नाणी पुरलेली आहेत अशी वार्ता पसरली, आणि लोक रात्री विजेऱ्या व धातुशोधक घेऊन दुसऱ्यांची शेते उकरू लागले. ज्याचे शेत उकरले गेले त्या शेतकऱ्याचे काय झाले असेल, हा विचार खणणाऱ्यांपैकी कितीजणांस शिवला? लावणीच्या चिखलात हरवलेले सुनेचे पैंजण शोधावे, जमिनीत गाडली गेलेली लोखंडी नळी हुडकावी, लाकूड कापण्यापूर्वी त्यातील खिळे पाहावेत. अशा कामांसाठी हे यंत्र घेणारा मनुष्य शांतपणे सौदा करतो, दोष विचारतो, नाही पटले तर उठून येतो. गुप्तधनाच्या आशेने आलेल्यास मात्र यंत्र वाजले की पुरे होते. लोभ त्यास परीक्षाच करू देत नाही; आणि विक्रेत्यास हे बरोबर ठाऊक असते.

मनात आधीच ठरवलेले उत्तर यंत्रासही फसवते. 1881 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधण्यास अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच यंत्र आणले होते. गोळी उजव्या बाजूस आहे अशी मुख्य डॉक्टरांची खात्री असल्याने त्यांनी तेवढीच बाजू तपासू दिली. शवविच्छेदनात ती डावीकडे निघाली. गादीतील पोलादी तारांनीही बेल यांचा गोंधळ वाढवला होता.

आता, खरोखरच काही सापडले तर? याज्ञवल्क्याच्या मते सापडलेला ठेवा राजास न कळवणारा दंडास पात्र होतो. 1878 चा कायदाही सांगतो की दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा ज्यास मिळेल त्याने तो काय आहे, कोठे व केव्हा मिळाला, हे जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे. शेत आपले असले तरी हे चुकत नाही. आणि दहा रुपयांत आज चहाचा एक पेला येतो, तेव्हा या मर्यादेखाली सुटेल असा ठेवा कोणता, हे यंत्र घेण्यापूर्वीच ज्याने त्याने पाहावे.