संग्रह आणि परिग्रह

पुण्यास आमचे एक स्नेही राहतात. घर तीन खोल्यांचें. त्यांतील एक खोली सर्वस्वीं संगणकांच्या स्वाधीन झालेली आहे. गेल्या दिवाळींत आम्ही फराळास गेलों असतां सहज मोजले, ते चौदा भरले. माळ्यावर आणखी किती आहेत हें विचारण्याचा धीर आम्हांला झाला नाहीं. चिवड्याची बशी पुढें ठेवतांना वहिनी हंसत म्हणाल्या, "भावोजी, हें सगळें कशासाठीं, तें तुम्हीच एकदां यांना विचारा. माणसें दोन आणि कॉम्प्युटर चौदा!" स्नेह्यांनीं उत्तर दिलें नाहीं. ते उठले, कोपऱ्यांतील एका लहानशा काळ्या यंत्रावरचें कापड त्यांनीं काढलें, जुना टेलिव्हिजन आणि कॅसेटचा टेपरेकॉर्डर त्याला जोडला, आणि कांहीं वेळ कर्कश किंकाळीखेरीज खोलींत दुसरें कांहीं ऐकूं येईना. मग पडद्यावर सतराचा पाढा उमटला. नववींत असतांना त्यांनीं स्वतः लिहिलेली ती आज्ञावली होती.

वहिनींचा प्रश्न थट्टेचा होता, पण घरीं परतल्यावर तो आमच्या मनांतून जाईना. गरजेहून अधिक वस्तु बाळगणें हा दोष आहे काय? असल्यास तो केव्हां लागतो, आणि कोणाला?

आमच्या परंपरेचा कौल या बाबतींत स्पष्ट आहे असें वाटतें. पतंजलींनीं यमांत अपरिग्रहाची गणना केली आहे; जैनांत तें महाव्रत आहे; आणि गांधीजींनीं १९३० सालीं येरवड्याच्या तुरुंगांतून आश्रमवासीयांस जीं पत्रें पाठविलीं त्यांत तर गरज नसतां एखादी वस्तु घेणें ही चोरीच होय असें मानिलें आहे. या मापानें पाहतां आमच्या स्नेह्यांवर निदान तेरा चोऱ्यांचा आरोप येतो. मौज अशी कीं, अपरिग्रह स्थिर झाला म्हणजे पूर्वजन्मांचें ज्ञान होतें, असें फळ योगसूत्रांत सांगितलें आहे. आणि आमच्या स्नेह्यांनीं नेमक्या परिग्रहाच्या वाटेनें आपला पूर्वजन्म हस्तगत केला आहे! सतराच्या पाढ्याकडे पाहतांना त्यांच्या मुद्रेवर जें कांहीं दिसलें तें मालकीच्या सुखाहून निराळें होतें, एवढें आम्ही खात्रीनें सांगूं शकतों.

तें काळें यंत्र म्हणजे इंग्लंडांत १९८२ सालीं निघालेला सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम. त्याची स्मृति अवघी ४८ किलोबाइट. आजच्या मोबाईलमधील एका छायाचित्रास याच्या कितीतरी पट जागा लागते. आपल्याकडे १९८६ सालीं डेसिबेल्स या कंपनीनें त्याच्या पुढच्या आवृत्तीचें उत्पादन परवान्यानें सुरू केलें; त्यापूर्वींच स्नेह्यांच्या मामांनीं लंडनहून हा आणिला होता. त्याच्या शेजारीं बीबीसी मायक्रो आहे. १९८४ सालीं सरकारनें शाळांतून संगणकशिक्षणाची जी योजना काढली तींत हींच यंत्रें दिलीं होतीं. पुढें तीं अडगळींत गेलीं. त्यापैकीं एक स्नेह्यांनीं भंगारवाल्याच्या हातगाडीवरून उतरवून घेतलें. बाकीचीं यंत्रें बहुतेक अशाच रीतीनें आलेलीं आहेत. "मीं एकही विकत घेतला नाहीं, सगळे वांचविले," असें ते म्हणतात. संग्राहकाचा हा नेहमींचा युक्तिवाद आहे, आणि म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे.

पुण्यांत संग्राहक म्हटला कीं कोणालाही दिनकर केळकरांची आठवण व्हावी. समया, अडकित्ते, दौती, दरवाजे असें जें जें आपल्या घरांतून नाहींसें होत होतें तें तें त्यांनीं आयुष्यभर गोळा केलें, आणि पुढें सर्व संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवालीं केला. त्यांच्याविषयीं परिग्रहाचा शब्द कोणी उच्चारील असें वाटत नाहीं. परंतु समई आणि संगणक यांत एक मोठा भेद आहे. दोनशें वर्षें कोनाड्यांत पडलेली समई चिंच लावून घांसली, तेलवात घातली, कीं पेटते. संगणकाचें तसें नाहीं. तो न वापरतां ठेवला तरी मरत असतो. ३८६ आणि ४८६ या जातीच्या यंत्रांत घड्याळ चालतें राहावें म्हणून मुख्य पाटीवर एक बारकी निकेल-कॅडमियमची बॅटरी डकविलेली असते. ती वर्षांनुवर्षें पडून राहिली म्हणजे पाझरते, आणि तिचा क्षार आसपासच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. कपॅसिटर सुकतात किंवा फुगतात. १९९९ ते २००७ या काळांत तर सदोष कपॅसिटरांचा असा सुळसुळाट झाला कीं, त्या वेळचीं कित्येक यंत्रें ऐन तारुण्यांतच गेलीं. फ्लॉपीवरचा चुंबकीय लेख फिका पडतो. करड्या पेट्या पिवळ्या होतात, कारण आग लागूं नये म्हणून त्यांच्या प्लॅस्टिकमध्यें घातलेल्या ब्रोमीनयुक्त द्रव्यांवर प्रकाशाचा परिणाम होतो. तात्पर्य, संगणक नुसता ठेवून जतन होत नाहीं. चालत नसलेला संगणक म्हणजे पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा. तो काय करीत असे हें त्याच्याकडे पाहून कोणास कळणार नाहीं.

यावरून आम्हांला असें वाटूं लागलें कीं, संख्येचें माप येथें फारसें उपयोगाचें नाहीं. जैनांनीं साधूंसाठीं संपूर्ण अपरिग्रह सांगितला, पण गृहस्थासाठीं परिग्रहाचें परिमाण सांगितलें. म्हणजे आपली मर्यादा त्यानें आपणच आंखून घ्यावयाची. ती कशावरून आंखावी? जितक्या वस्तूंची निगा आपल्या हातून होईल तितक्यांवरच आपला हक्क पोहोंचतो, असें उत्तर आम्ही देऊं. आमचे स्नेही दर रविवारीं सकाळीं दोन यंत्रें पाळीपाळीनें सुरू करतात. सर्व बॅटऱ्या त्यांनीं केव्हांच काढून ठेवल्या आहेत. कपॅसिटर बदलण्यासाठीं त्यांनीं उतारवयांत डाग देण्याची विद्या शिकून घेतली. चौदांपैकीं नऊ यंत्रें चालतात. उरलेल्या पांचांविषयीं विचारलें तर "पुढेंमागें करीन" असें उत्तर मिळतें. त्यांचा नऊंवरचा अधिकार आम्हांस मान्य आहे. पांचांच्या बाबतींत ते रक्षक आहेत कीं केवळ पहारेकरी, हें आम्ही त्यांना तोंडावर विचारलें. ते रागावले नाहींत. पण पाढा मात्र बंद केला.

निगेला आयुष्याची मर्यादा आहे, हीही गोष्ट विसरून चालणार नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या दोघां संस्थापकांपैकीं पॉल ॲलन यांनीं अमेरिकेंत सिॲटल येथें जुन्या संगणकांचें एक संग्रहालय २०१२ सालीं लोकांस खुलें केलें. तेथील यंत्रें कांचेआड मृतवत् ठेवलेलीं नव्हतीं. तीं चालत, आणि येणाऱ्यांना वापरावयास मिळत. ॲलन २०१८ मध्यें वारले. २०२० सालीं सांथीमुळें संग्रहालय बंद झालें तें पुनः उघडलें नाहीं, आणि २०२४ मध्यें त्यांतील वस्तु लिलांवांत निघाल्या. अब्जाधीशाची ही कथा. मग तीन खोल्यांच्या घराचें काय? स्नेह्यांचीं दोन्ही मुलें परदेशीं आहेत. वहिनींच्या थट्टेच्या मुळाशीं ही काळजी होती, हें आमच्या मागाहून ध्यानांत आलें.

परंतु या सर्वांहून कठीण प्रसंग २०२० सालचाच आहे, आणि त्यांत आमचाही वांटा आहे.

त्या वर्षीं मार्चमध्यें शाळा बंद झाल्या आणि पुढें शिक्षण पडद्यावर आलें. आमच्या घरीं स्वयंपाकास येणाऱ्या बाईंचीं दोन मुलें, एक सातवींत आणि एक दहावींत; दोघांत मिळून एक मोबाईल, आणि तोही वडील कामावरून परत आल्यावर मोकळा होणार. बाईंनीं आम्हांस हें सांगितलें. आम्हीं हळहळ व्यक्त केली. आमच्या कपाटांत त्या वेळीं दोन लॅपटॉप पडलेले होते, आणि आम्ही स्वतःस संग्राहक समजत नव्हतों! ते आपल्यापाशीं आहेत हेंच आमच्या स्मरणांत नव्हतें. आक्टोबर उजाडल्यावर एक दिवस दुसरेंच कांहीं शोधतांना ते हातीं लागले. त्यांतला एक आम्हीं दिला. पण तोंवर सहामाही होऊन गेली होती.

इकडे ज्यांना आम्ही हंसत असूं त्या स्नेह्यांनीं जूनमध्येंच आपल्या खोलीची झडती घेतली होती. स्पेक्ट्रम आणि बीबीसी या कामीं निरुपयोगी. पण लिनक्स ही फुकट मिळणारी कार्यप्रणाली घालून चालवितां येतील असे तीन लॅपटॉप निघाले. दोन त्यांनीं शेजारच्या चाळींत दिले. तिसरा कोणी मागितला तेव्हां मात्र ते नाहीं म्हणाले. त्या जातीचा तो पहिला नमुना आहे, पेटी आणि पुस्तिकेसह आहे, तो मोडतां येणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें. आम्हीं फोनवर त्यांच्याशीं पुष्कळ वाद घातला. हजारोंनीं खपलेली ती वस्तु. ती तुम्हीं राखली नाहीं म्हणून जगाचें काय अडणार? त्यावर त्यांनीं ॲपलच्या पहिल्या संगणकाचें उदाहरण दिलें. १९७६ सालीं ते सुमारें दोनशें तयार झाले. दुसरा नमुना निघाल्यावर कंपनीनेंच जुने परत घेऊन ते मोडून टाकले. त्या काळीं तें सर्वांना शहाणपणाचेंच वाटलें असेल. कांहीं हट्टी माणसांनीं परत दिले नाहींत म्हणून आज थोडे तरी शिल्लक आहेत. "जतन करणारा माणूस त्या त्या दिवशीं नेहमींच मूर्ख दिसतो," असें ते म्हणाले.

या युक्तिवादास आमच्यापाशीं पुरतें उत्तर नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. तरीही त्या दिवशीं ते चुकले असेंच आमचें मत आहे. पुढें केव्हां तरी जन्मास येणाऱ्या अभ्यासकाचा हक्क खरा असेल, पण दारांत उभ्या असलेल्या मुलाचा हक्क त्याच्या आधींचा आहे. जें यंत्र दुसऱ्याच्या उपयोगी पडणें थांबलें आहे त्याचा संग्रह करावा. जें अद्यापि उपयोगी पडूं शकतें त्याला संग्रह हें नांव देऊन अडवून धरूं नये. हा भेद आमच्या स्नेह्यांना मान्य नाहीं. आजचें उपयोगी यंत्रच उद्यांचें दुर्मिळ होतें, असें ते म्हणतात; आणि तें खोटेंही नाहीं.

पण त्यांना दोष देतांना आमचा हात थोडा थरथरतो. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठानें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें पडद्यासह एक घरगुती संगणक तयार करण्यास निदान २४० किलो इंधन, २२ किलो रसायनें आणि १,५०० किलो पाणी लागत असे. म्हणजे पेटी आपल्या उंबरठ्याच्या आंत येण्यापूर्वींच तिच्यासाठीं कोठें तरी डोंगर खणला गेलेला असतो आणि नदी उपसली गेलेली असते. २०२२ या एका वर्षांत जगांत ६ कोटि २० लक्ष टन विद्युत् उपकरणांचा कचरा झाला, आणि त्यांतील जेमतेम पांचव्या हिश्शाहून थोड्या अधिकाचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. त्यांत मोडलेलें किती आणि नुसतें जुनें ठरविलेलें किती? १४ आक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची सामान्य देखभाल मायक्रोसॉफ्टनें थांबविली. पुढची आवृत्ति अनेक धडधाकट यंत्रांवर चढत नाहीं, कारण तिला हवी असलेली एक बारकी सुरक्षेची सोय त्यांत नाहीं. त्या दिवसाच्या आदल्या सायंकाळीं हीं यंत्रें जीं कामें करीत होतीं तींच तीं दुसऱ्या दिवशींही करीत होतीं. भंगारवाल्याच्या गाडीसमोर उभें राहून "थांब, तो मला दे" म्हणणारा मनुष्य अशा काळांत परिग्रही ठरत असेल, तर दर चार वर्षांनीं नवें यंत्र घेऊन जुनें कपाटांत सारणाऱ्या आम्हां सभ्य गृहस्थांना कोणतें विशेषण लावावें? त्यांना आपल्या चौदाही यंत्रांचीं नांवें पाठ आहेत. आम्हांला आमचे दोन आठवत नव्हते.

दुसरा लॅपटॉप अजून आमच्या घरींच आहे. तो देण्यास आमची हरकत नाहीं. पण त्यांत आमच्या वडिलांनीं शेवटच्या दोन वर्षांत टंकून ठेवलेलीं पत्रें आहेत, कांहीं छायाचित्रें आहेत, बँकेचीं कागदपत्रें आहेत. तीं उतरवून घ्यावींत, मग हार्ड डिस्क कायमची पुसावी, आणि नंतरच यंत्र दुसऱ्याच्या हातीं द्यावें, हें रास्तच आहे. काम एका दुपारचें आहे. तें आम्हीं पांच वर्षांत केलेलें नाहीं. पुसण्याचें बटण दाबण्याची वेळ आली कीं दुसरें कांहीं काम निघतें, आणि आम्हीही तें निघूं देतों. हा लेख लिहावयास बसण्यापूर्वीं, निदान आतां तरी, म्हणून लॅपटॉप खालीं काढला, तर त्याचा चार्जर कोठें सांपडेना. स्नेह्यांना फोन केला. त्या जातीचे दोन चार्जर त्यांच्यापाशीं आहेत. येत्या रविवारीं सकाळीं यंत्र घेऊन या, असें त्यांनीं सांगितलें आहे.