फॉर्मवर सही कुणाची?

बाबांच्या हार्ट अ‍ॅटॅकला दीड वर्ष झालं. इको करताना डॉक्टर म्हणाले होते, "हा भाग आता हलत नाही." मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होतो. हृदय फाटू नये म्हणून शरीरानेच लावलेलं ठिगळ. पण ते आकुंचन पावत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. बिघाड दिसला की रात्रभर उपाय शोधतो. तसाच एक सापडला. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो इथल्या विद्यापीठात कॅरेन क्रिस्टमन यांच्या टीमने डुकराच्या हृदयाच्या स्नायूतून पेशी धुऊन काढल्या आणि उरलेल्या सांगाड्यापासून एक द्रव बनवला. कॅथेटरने तो हृदयाच्या भिंतीत टोचला की शरीराच्या उष्णतेने त्याचं जेल होतं. शरीराच्या पेशी त्यात शिरतात, हळूहळू जेल विरून जातं. 2019 मध्ये 15 रुग्णांवरच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष आले.

बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग त्या पंधरा जणांचं हृदय बरं झालं का?"

मी अडखळलो. कारण चाचणीचा मुख्य प्रश्न तो नव्हताच. हे टोचणं सुरक्षित आहे का, एवढंच आधी बघायचं होतं.

आम्ही कोड आधी टेस्ट सर्व्हरवर चालवतो. पडला तर पुन्हा सुरू करतो. हृदयाची अशी दुसरी प्रत नसते. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटचं असंच एक जेल 303 रुग्णांवरच्या चाचणीत तपासलं गेलं. त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना नुसतं सलाइन दिलं होतं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

मग या माणसांना वापरून घेतलं का? रुग्ण आशेने येतो, संशोधक उत्तरासाठी. सही एकाच कागदावर होते, पण दोघांना हवं असलेलं वेगळं असतं. हा फरक समजूनही जो हो म्हणतो, तो संशोधनातला भागीदार. ज्याला तो कुणी समजावलाच नाही, तो वापरला गेला, मग फॉर्म कितीही नीट भरलेला असो.

आणि मी? मी माझ्या भीतीपोटी बाबांचं हृदय पुढे करत होतो.

जेवणानंतर बाबा अ‍ॅस्पिरिन घेतात. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सतरा हजारांहून जास्त रुग्ण होते. निम्म्यांना अ‍ॅस्पिरिन मिळाली नाही, आणि त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. म्हणून ही गोळी आज बाबांच्या डबीत आहे.

हे सांगितल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझा तो फॉर्म कधी आलाच, तर मला वाचून दाखव. सगळा. सही करायची की नाही, ते मी बघेन."